नवा कूलर बसवल्यापासून पीसी सुरू होत नाही, मदत हवी आहे
मंडळी, मुलीच्या पीसीला काल प्रोसेसर थंड ठेवणारा नवा टॉवर कूलर बसवला. सॉकेट (प्रोसेसर बसतो तो खाचा) एएमडीचं एएम४. जुन्या कूलरची थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती) इतकी घट्ट धरली होती की त्याच्यासोबत प्रोसेसरही उपटून वर आला. प्रोसेसरच्या पिना भिंगातून पाहिल्या, सगळ्या सरळ दिसतात. आता पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी आणि मदरबोर्डवरचा डीरॅमचा (म्हणजे रॅममध्ये अडचण दाखवणारा) दिवा पेटलेलाच राहतो. प्रोसेसरची ८ पिनांची पॉवर केबल घट्ट आहे. एकच रॅम लावून पाहिली, मदरबोर्डवरचा सेल काढून बायॉसही (पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामची सेटिंग्ज) रीसेट केला.

माझा संशय कूलरच्या स्क्रूंवर आहे. एका बाजूला दाब जास्त पडला तरी रॅम ओळखली जात नाही ना? स्क्रू सैल करून तिरप्या क्रमाने पुन्हा आवळू, की आधी सॉकेटमध्ये पेस्ट गेलीय का ते बघू? सोमवारी तिला प्रोजेक्ट द्यायचंय, त्यामुळे खूप काळजी वाटतेय. कुणी हे निस्तरलं असेल तर कृपया सांगा.