अनुभव धागा: पुढच्या पंचवीस वर्षांबद्दल तुम्हाला कुणी विचारलं का?

परवा भाच्यानं फोन पुढे केला. "मामा, कॉलेजातून लिंक आलीय. 2047 सालचा देश कसा हवा ते लिहायचंय. तू लिहून दे ना." डिसेंबर 2023 मध्ये विकसित भारतासाठी तरुणांच्या कल्पना मागवायला सुरुवात झाली, 2025 मध्ये राज्यानंही नागरिकांचं सर्वेक्षण घेतलं, त्यातलंच काहीतरी असावं. 2047 ला तो चाळिशीत असेल, मी सत्तरी ओलांडलेली. आणि लिहायचं मी!

म्हणून हा धागा. मराठवाड्यातल्या मंडळींनो, गावाच्या, शहराच्या, देशाच्या आखणीत तरुणपणी तुम्हाला कुणी विचारलं का? पुढं काय झालं? मतं नकोत, घडलेलं लिहा. माणसांची, संस्थांची नावं नकोत.

मांजराकाठ (लातूर)
2016 ला मी अकरावीत. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी होती. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बघायला आख्खी गल्ली गेली होती. त्यानंतर सहा महिन्यांत मी चार निबंध स्पर्धा लिहिल्या, सगळ्यांचा विषय 'पाणी वाचवा'. एकीत पहिला आलो, बक्षीस पाण्याची बाटली. (खोटं नाही, अजून आहे घरात.)

कॉलेजात असताना एका मोठ्या बैठकीला आम्हा तीस जणांना बसनं नेलं. पुढच्या दोन रांगा आमच्या. फोटो झाले, मग 'विद्यार्थ्यांनी चहा घ्यावा' अशी सूचना आली. परत आलो तेव्हा धरणाचा विषय संपला होता. आम्हाला विचारायचे ते एवढंच, की तू नळ कसा बंद करशील. मला विचारायचं होतं, खोऱ्यात ऊस किती लावायचा हे कोण ठरवतं. ते आजवर कुठं विचारता आलेलं नाही.

उस्मानाबादी शेळी (गाव तेच, जिल्ह्याचं नाव धाराशिव)
माझं अक्षर चांगलं, म्हणून एकोणिसाव्या वर्षी मला ग्रामसभेला बोलावलं. खरं कारण कोरम. शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल ते भरावं लागतं. 'आमचं गाव, आमचा विकास'चा, म्हणजे ग्रामपंचायतीनं वर्षात काय कामं करायची त्याचा, आराखडा चालला होता. आण्णा म्हणाले, "लिही गं, तुम्हा पोरींना काय पाहिजे ते बी लिही." मी लिहिलं: अभ्यासिका, रात्री दहापर्यंत दिवा, मुलींसाठी वेगळी मुतारी.

पुढच्या वर्षी विचारलं तर म्हणे, "झालं की, व्यायामशाळेचं सामान आलं." आता डंबेल आणि माझ्या ओळीचा काय संबंध? मैत्रिणीनं सांगितलं, आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर असतो. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं निवडत गेलं की निघतो. काढला. माझी ओळ नव्हतीच. गुत्तेदाराला ओळखीची असतील अशी कामं मात्र होती.

15 ऑगस्टच्या सभेत मी फोनवरनं तो आराखडा मोठ्यानं वाचला, रकमेसकट. कुणी भांडलं नाही. एक म्हातारबा एवढंच म्हणाले, "हे आमाला कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं." ग्रामसेवक भाऊसाहेबांनी विचारलं, "ताई, कुठून काढलंत?" तिसऱ्या वर्षी अभ्यासिका झाली, जुन्या चावडीत. दिवा आहे. मुतारी अजून नाही.

कोयता (बीड)
2047 राहू द्या. 26 जानेवारीची ग्रामसभा असते ना, तेव्हा आमची निम्मी वस्ती कारखान्यावर फडात असते. दिवाळीच्या आगंमागं जातो, उन्हाळा लागला की येतो. आल्यावर कळतं काय ठरलं ते. मी बारावीपर्यंत शिकलोय. माझं मत कुणी नाकारलं नाही, पण मी हजरच नसतो.

निवृत्त मास्तर (परभणी)
आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आम्हीच विचारलं होतं. 1974 चं मराठवाडा विकास आंदोलन पोरांनी उभं केलं. मागण्या नोकऱ्या, ब्रॉडगेज (रुंद रुळांची रेल्वे). मी काठीचा एक फटका खाल्ला आणि एक पेपर बुडवला. ब्रॉडगेज औरंगाबादला पोचेस्तोवर नव्वदीचं दशक उजाडलं. 1994 ला मराठवाड्याचा मागासलेपणा भरून काढायला वैधानिक विकास मंडळ आलं, त्याची मुदत 2020 ला संपली. या सगळ्या वर्षांत एखाद्या बैठकीत विशीतलं पोरगं खुर्चीवर बसलेलं मी तरी पाहिलं नाही. सतरंज्या उचलताना पाहिलंय.

गोदाकाठचा (नांदेड)
सगळेच रडायलेत, म्हणून उलटं लिहितो. जानेवारी 2025 ला दिल्लीत भारत मंडपमला तरुण नेत्यांचा संवाद झाला, त्याच्या निवडीत मी उतरलो होतो. आधी प्रश्नमंजूषा, मग निबंध, मग राज्य पातळीवर सादरीकरण. तिथंच पडलो. पण परीक्षक बाईंनी एक प्रश्न विचारला, "पैसे कुठून आणणार?" माझ्या सोळा स्लाइडींत पैसा कुठंच नव्हता. त्या रात्री लॉजवर पहिल्यांदा जिल्हा वार्षिक योजना, म्हणजे जिल्ह्यातल्या कामांना वर्षाचा पैसा कुठं जातो तो कागद, उघडून बघितली. मास्तर, मला खुर्ची नाही मिळाली, पण कागद कुठं असतो ते कळालं.

मांजराकाठ
@गोदाकाठचा, तुला प्रश्न तरी आला. आम्हाला चहा आला.

बाई (हिंगोली, जि.प. शाळा)
आमच्या बालसभेत पोरांना 'गावाचं भविष्य' काढायला सांगितलं. सगळ्यांनी उंच इमारती काढल्या, टीव्हीतल्या. मग म्हटलं, कोणत्या महिन्यात कोणता बोअर आटतो ते नकाशावर मांडा. दोन दिवसांत पोरांनी आख्खं शिवार मांडलं, कुणाचा बोअर किती फूट ते सुद्धा. तो नकाशा मागायला सरपंचबाई स्वतः आल्या. परत मात्र दिला नाही, पोरं अजून विचारतात.

धागाकर्ता
भाच्याला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. म्हणाला, "मग काय लिहू ते सांग." मी पोर्टल उघडून दिलंय. सध्या आमच्या गावाच्या गटार कामाची रक्कम बघून हसतोय.

कोयता
@उस्मानाबादी शेळी, ताई, तांड्याचा आराखडा वेगळा असतो का गावातच धरतात?

उस्मानाबादी शेळी
तांड्याची स्वतंत्र ग्रामपंचायत असेल तर वेगळा. नसेल तर गावाच्याच यादीत कामं शोधा, जागेच्या रकान्यात वस्तीचं नाव येतं का बघा.

कोयता
बघितलं. आमच्या वस्तीचं एकच काम दिसतंय, सिमेंट रस्ता, आणि तो झालेला नाही. आई म्हणतीय, 2 ऑक्टोबरच्या सभेला आपण गावात असतो.