रोथेनबुर्गच्या आसपास सायकलिंग, सोपा रूट सुचवा

मुलुंडकर: मे मध्ये बहिणीकडे रोथेनबुर्गला जातोय, जर्मनीत. सायकली भाड्याने घेऊन फिरायचा प्लॅन आहे पण बायकोची मजल बोरिवलीच्या नॅशनल पार्कापुढे गेलेली नाही, तर फार चढ नको.

चाकावरचा: डोळे झाकून टाउबर नदीकाठचा रूट घे. पार व्हेर्टहाइमपर्यंत साधारण 100 किमी, तिथे टाउबर माइन नदीला मिळते. प्रवाहाच्या दिशेने जायचं म्हणजे एकूणात उतारच, मधेमधे छोटे चढ येतात. फक्त रोथेनबुर्ग टेकडीवर आहे, खाली नदीकाठच्या डेटवांग गावाला उतरताना मजा, परत चढताना वहिनींच्या शिव्या खायची तयारी ठेव 😄

पार्लेकर: +1. क्रेगलिंगेन चुकवू नका, गावाबाहेरच्या छोट्या चर्चमध्ये रीमेनश्नायडर या जुन्या जर्मन शिल्पकाराने लाकडात कोरलेली मेरीची वेदी आहे, 1505 ते 1510 च्या सुमाराची, रंग अजिबात नाही, नुसतं लाकूड आणि तरी कपड्यांच्या चुण्या अशा की हात लावावासा वाटतो (लावू नका). वाइकर्सहाइमच्या राजवाड्याच्या बागेत दगडी बुटक्यांची रांग आहे, तीही धमाल.

मुलुंडकर: भारी! परत ट्रेनने येता येईल का?

चाकावरचा: वाइकर्सहाइमला स्टेशन आहे पण रोथेनबुर्गला थेट गाडी नाही, फिरून यावं लागतं. सायकलचं वेगळं तिकीट लागतं का ते आधी बघ.