दिवसभर घरात असताना दिसलेलं घर : इंदूरकरांनो, तुमचंही लिहा

निवृत्त होऊन आठ महिने झाले. छत्तीस वर्षं सकाळी साडेनऊला बाहेर पडायचं आणि सातला परतायचं, त्यामुळे सुदामानगरातलं आमचं घर दुपारी तीन वाजता कसं असतं ते मला माहीतच नव्हतं. हॉलची पश्चिमेकडची भिंत एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते आणि माझी आरामखुर्ची गेली वीस वर्षं तिलाच टेकून आहे. बायको म्हणाली, "मी सांगत होते." सांगत होती, खरं आहे.

खुर्ची पूर्वेच्या खिडकीशी नेली. त्यासाठी तिथलं कपाट सरकवावं लागलं, तर मागे भिंतीला बोट जाईल एवढी तिरपी भेग. मिस्त्री आला, बघून हसला. म्हणाला, काका, ही काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वर उभं असलेलं घर तिच्याबरोबर थोडं हलणारच. भेग खोदून भरून घेतली, पण त्याने मुद्द्याचं सांगितलं ते वेगळंच: पायाला लागून केलेला बागेचा वाफा आधी काढा, रोज पाणी घालून तुम्हीच ती माती फुगवताय. आमचा मोगरा आता भिंतीपासून पाच फूट लांब, कुंपणाशी आहे. रुसला होता, पण जगला.

बसल्या बसल्या वाटलं, असं घर इतरांनाही दिसलं असेल. कुणी निवृत्त, कुणाचं ऑफिस घरातूनच, कुणाला 2020च्या टाळेबंदीत दिसलं असेल. घराला, गच्चीला, बागेला तुम्ही काय केलंत ते लिहा. "नवीन सोफा घेतला, छान दिसतो" एवढंच असेल तर राहू द्या. फसलेलं आधी लिहा.

आणि एक माझी अडचण. भिंतीचं भागलं, पण छत तापतं त्याचं काय करू? वरती 600 फुटांची उघडी गच्ची आहे.

विजयनगर, सातवा मजला

काका, फसलेलं माझ्याकडे भरपूर आहे. घरून काम सुरू झालं तेव्हा बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसायचं, आजूबाजूला हिरवळ, असं चित्र डोक्यात होतं. बाल्कनी चार बाय आठ. ऑनलाइन चौदा झाडं मागवली. पहिल्या पावसाळ्यात अकरा गेली.

बायपासच्या एका नर्सरीवाल्या भियाला मेलेल्या झाडांचे फोटो दाखवले. त्याने एकच विचारलं, "माती कहाँ की?" माती मावशींच्या शेतातली, सांवेरकडची, काळीभोर. मला वाटलं शेतात एवढा गहू पिकतो म्हणजे गमल्यात तर काय बहारच. पण शेतात ती खोल असते, मुळांना पसरायला जागा असते. गमल्यात पाणी धरून बसते, मुळं कुजतात. आणि एकदा सुकली की विटेसारखी घट्ट होऊन कडांपासून सुटते, मग घातलेलं पाणी कडेनेच खाली निघून जातं. आता एक भाग माती, एक भाग नर्मदेची जाड वाळू, एक भाग खत. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा, ही युक्ती आईची.

दुसरी चूक बोरिंगचं पाणी. आमच्या इमारतीचं इतकं जड आहे की गमल्यांवर पांढरा थर चढतो. गार्डेनिया तर पिवळाच पडला. आता त्याला पावसाचं साठवलेलं पाणी, नाहीतर नर्मदेचं. नर्मदेचं हे नळाचं पाणी नदीकाठच्या जलूदहून, जवळपास 70 किलोमीटर, विंध्याचा घाट चढून येतं. 1978मध्ये ते पहिल्यांदा आलं तेव्हा लोक किती खूश झाले होते हे आजोबा अजून सांगतात. असं पाणी मी पाइपाने बाल्कनीत ओतत होतो. आता लोटीने घालतो.

लॅपटॉप घेऊन बाल्कनीत बसलो का? दोनदा. ऊन स्क्रीनवर पडतं, काही दिसत नाही.

लोकमान्य नगर

आमचं काही मोठं नाही. खताची गोष्ट सांगते, कारण ती सांगताना मला अजून थोडी लाज वाटते.

टाळेबंदीत घरात बसून गुलाबांना खत हवं म्हणून दोन किलोचं पाकीट मागवलं. पाकिटावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, इंदूर पद्धतीने केलेलं कंपोस्ट. मी मिस्टरांना दाखवलं, आपल्या गावाचं नाव वापरतात बघा. ते कृषी महाविद्यालयात शिकलेले. म्हणाले, वापरतात काय, पद्धत इथलीच आहे. 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड नावाचा साहेब इंदुरात आला, इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत त्याने पालापाचोळा, कापसाच्या पळाट्या, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची रीत बसवली. तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. 1931च्या त्याच्या पुस्तकावर दुसरं नाव यशवंत वाड यांचं आहे. म्हणजे आपला मराठी माणूस! आणि मी इंदुरात बसून इंदूरचं खत कुरियरने मागवत होते.

मग हट्टाने सुरू केलं. मूळ रीत शेतासाठी, मोठ्या खड्ड्यांची. तीन वेळा खालीवर करायचं, तीन महिन्यांत खत तयार. आम्ही जुना माठ घेतला, बाजूला भोकं पाडली. तळाशी सुकी पानं, त्यावर भाजीचे देठ, वर मूठभर जुनं खत, पुन्हा सुकी पानं. शेण मिळालं तर थोडं, नाहीतर आंबट ताक.

पहिला माठ सडला. घरभर वास, वर पांढऱ्या अळ्या. सासूबाईंनी माठ घरातून बाहेर काढला, मला काढायच्या बेतात होत्या. चूक साधी होती: ओलं जास्त, सुकं कमी. ओल्याच्या दुप्पट सुकं घालायला लागले आणि दर आठवड्याला काठीने खालीवर केलं, तेव्हा वास गेला. हातात घेऊन दाबलं तर पिळलेल्या फडक्याइतकं ओलं लागायला हवं, त्याहून जास्त नाही. अळ्या आल्या तर घाबरू नका, त्या खताचंच काम करतात, पण हे सासूबाईंना सांगायची जबाबदारी माझ्यावर नाही.

गीला-सूखा वेगळं करायची सवय कचऱ्याच्या गाडीमुळे आपल्याला लागलेलीच आहे. आमच्याकडची गील्याची बादली आता जवळपास रिकामी जाते. गाडीवाल्याने विचारलं, "आंटी, खाना नहीं बना क्या?"

राजेंद्रनगर

गच्चीवर भाजी करणाऱ्यांसाठी. गिलकी, लौकी, पालक, सगळं केलं. ओली माती घनफुटाला 40 ते 50 किलो भरते. मी अर्धे कापलेले सहा ड्रम मधोमध ठेवले होते, एका ओळीत. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीत छताला ओलीचा नकाशा उमटला. वॉटरप्रूफिंगवाला पैसे घेऊन गेला, ओल तिथेच राहिली. शेवटी ड्रम काढले, गच्ची उतार देऊन पुन्हा केली. आता हलक्या मिश्रणाच्या पिशव्या, त्याही कडेला, खाली भिंत किंवा तुळई आहे तिथेच, विटांवर उचलून, म्हणजे खालून पाणी वाहतं. गिलकी एवढी आली की शेजारी दार उघडेनासे झाले.

स्कीम 78

कबुतर. मनी प्लँटच्या कुंडीत दोन अंडी. महिनाभर बाल्कनीत कुणी गेलं नाही, कपडे हॉलमध्ये वाळले. सुशोभीकरण समाप्त.

रामबाग, आजींनी सांगितलं, नातवाने टंकलं

माझं वय 81. मागच्या दिवाळीनंतर पाय घसरला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. म्हणजे घरातच राहणं मला कुणी शिकवायला नको. (आजी म्हणते, हे लिही: आम्ही बायका कायमच घरात होतो, तुम्हाला आत्ता कळलं.)

आमचं घर जुनं, लाकडी कड्यांचं. पलंग होता आतल्या खोलीत, कारण तो तिथेच होता, माझ्या सासूच्या वेळेपासून. तीन महिने छताकडे बघून काढले. मग सूनबाईला म्हटलं, मला रस्ता दिसू दे. पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी आणला. सकाळी पोहेवाल्याकडे कोण कोण उभं आहे ते आता मला दिसतं, आणि कोण उधारीवर खातंय तेही.

देवघर माळ्याखालून काढून कमरेएवढ्या उंचीवर आणलं, खुर्चीवर बसून पूजा होते. पायपुसणी सगळी काढून टाकली, माझा पाय त्यांच्यावरूनच घसरला होता. मोरीत आणि संडासात धरायला दांडा. दांडा भिंतीच्या विटेत खोल ठोकून घ्या, नुसत्या टाइलवर चिकटवलेला उपटतो. पलंगापासून मोरीपर्यंत रात्री दिवा.

माझी बाग म्हणजे खिडकीतली तुळस आणि एक कढीपत्ता. कढीपत्त्याला ताक घालते. माझ्या हाताने घालते, सुनेने घातलेलं त्याला चालत नाही. (हे आईला वाचून दाखवू नकोस म्हणाली आहे.)

झोपाळा टांगलेल्या लाकडी कडीतून पिठासारखा भुगा पडत होता. सुताराने औषध भोकात सोडलं, मग जवसाचं तेल दोन हात. पूर्ण सुकेपर्यंत आठ दिवस झोपाळा बंद. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात बुडवून मग टाका.

पुन्हा सुदामानगर

आजी, नमस्कार. पायपुसणी आजच काढली.

पण माझ्या छताचं कुणीच बोलेना. मे तोंडावर आलाय. पंखा गरम वारा फेकतोय. डग-डग रोटी, पग-पग नीर म्हणणाऱ्या माळव्यात टँकरवाल्याला फोन लावतोय, तेव्हा गच्चीवर पाणी मारायचा सल्ला कृपया नको.

रामबाग, आजी

बाळ, चुना. आम्ही दर चैत्रात मारतो. कळीचा चुना आण, पुडीतला नको. लोखंडी पिंपात पाणी घे आणि त्यात चुना हळूहळू टाक, उलट करू नकोस. उकळतो, उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जाईल, चष्मा लाव आणि पोरांना वर येऊ देऊ नकोस. रात्रभर मुरू दे, सकाळी फडक्याने गाळ, त्यात थोडा डिंक. आधी गच्ची झाडून, धुऊन घे. ऊन उतरल्यावर मार, तीन हात, एक सुकल्यावर दुसरा. आमच्या 500 फुटांना दहा-बारा किलो लागतो. पांढऱ्यावर ऊन टिकत नाही, परततं. दुपारी अनवाणी चालून बघ, कळेल.

सुदामानगर

आजी, उद्या सियागंज बाजारात जातो. डिंक किती घालू? आणि बायको विचारतेय, उरलेल्या चुन्यात कुंपणाची भिंत होईल का, मोगऱ्याला चालेल ना?

रामबाग, नातू

आजी झोपली. म्हणाली होती, डिंक मूठभर, आणि मोगऱ्याच्या मुळाशी चुना जाऊ देऊ नका, आधी गोणपाट पसरा.