पेट स्कॅन आला म्हणून बायोप्सी मोडीत?

गॅमाकिरण: 'सुई नको, चाकू नको. पेट स्कॅन गाठीची सगळी कुंडली मांडतो, बायोप्सी उरलीय ती फक्त बिलापुरती.' ही पोस्ट कालपासून फिरतेय आणि लोक खाली टाळ्या वाजवतायत. डोकं उठलं. अहो, स्कॅनआधी टोचतात ते एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज, कर्करोग ओळखत नाही. ज्या पेशी ग्लुकोज ओढतात तिथे ते साचतं. टीबीच्या गाठीही ओढतात! आपल्याकडे छातीतला चमकणारा लिम्फ नोड कर्करोगाचा की टीबीचा, हे सुई घातल्याशिवाय कसं ठरवणार? मेंदू तर धडधाकट माणसाचाही लखलखतो. उलट प्रोस्टेटच्या बऱ्याच गाठी एफडीजीत धड दिसतही नाहीत.

आयसोटोपवाला: तुम्ही १९७६ च्या एफडीजीतच अडकलात. प्रोस्टेटला म्हणून तर पीएसएमए आलं, त्या गाठींवरच्या प्रथिनाला चिकटणारं द्रव्य. एफईएस हे आणखी एक द्रव्य, स्तनाच्या कर्करोगातले इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे त्या संप्रेरकाला धरणारी प्रथिनं, दाखवतं, अमेरिकेत २०२० पासून मंजूर आहे. बायोप्सी म्हणजे एका गाठीचा एक तुकडा. यकृतातली गाठ रिसेप्टर-पॉझिटिव्ह आणि हाडातली निगेटिव्ह निघाली तर किती ठिकाणी टोचणार? जीआयएसटीत, म्हणजे पोट-आतड्यातल्या एका प्रकारच्या गाठीत, इमॅटिनिब हे औषध सुरू केल्यावर सीटीवर गाठ तेवढीच दिसते, एफडीजी मात्र काही दिवसांत विझतं. हे तुकड्यात दिसेल?

मिरजेची सुगरण: गाठी ग्लुकोज ओढतात ना? मग साखर बंद करा असं डॉक्टर का सांगत नाहीत? माझ्या जावेनं साखर, गूळ, भात सगळं सोडलं. आज ठणठणीत आहे.

गॅमाकिरण: ताई, याचीच भीती होती. साखर सोडली तरी यकृत ग्लुकोज बनवतंच. प्राणवायू असूनही गाठ ग्लुकोजचं लॅक्टेट करत बसते, एवढंच जर्मन शास्त्रज्ञ वारबुर्गनं १९२० च्या दशकात दाखवलं. तुमच्या चहाबद्दल तो काही बोलला नव्हता.

मिरजेची सुगरण: मग स्कॅनच्या आधी उपाशी का ठेवतात? सांगा की!

आयसोटोपवाला: खाल्लं की इन्सुलिन वाढतं, एफडीजी स्नायूंत शिरतं, चित्र बिघडतं. त्याचा उपचाराशी संबंध नाही.

परळकर: माझ्या वडिलांनी असल्याच सल्ल्यापायी जेवण तोडलं. केमो सोसायला अंगात काही उरलं नाही, सायकल पुढे ढकलावी लागली. सल्ले देणाऱ्यांनी एकदा वॉर्डात येऊन बसावं.

मिरजेची सुगरण: वडिलांचं वाईट वाटलं, पण माझ्यावर ओरडू नका. जावेची केमो झालीच होती, मी लिहिलं नाही इतकंच.

परळकर: 'इतकंच'! धन्य आहे.

बुलढाणेकर: तुमचं पीएसएमए-एफईएस चालू द्या. त्यांतलं किरणोत्सारी गॅलियम-६८ अर्ध्यावर यायला ६८ मिनिटं, फ्लोरिन-१८ ला ११०. आमच्या तालुक्यापर्यंत काय पोचणार? परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे अशी किरणोत्सारी द्रव्यं बनवणारं यंत्र, २००२ ला आला. आम्ही अजून स्कॅनसाठी रात्रीची एसटी धरतो. तुम्ही सुई की स्कॅन यावर भांडताय, इथे दोन्हीसाठी रजा काढावी लागते.

गॅमाकिरण: आयसोटोपवाले, गाठीगाठीतल्या फरकाचा मुद्दा दिला तुम्हाला, घ्या. पण उदाहरण तरी बघून द्यायचं! एफईएस यकृतातूनच बाहेर पडतं. तिथे सगळंच चमकतं, त्यात गाठ कुठे शोधणार?

आयसोटोपवाला: बरं, यकृत सोडा, मणका घ्या. खूश? आणि पहिलं निदान बायोप्सीनंच व्हावं, याला मी कधी नाही म्हटलं? ती पोस्ट माझी नव्हती.

मिरजेची सुगरण: म्हणजे गूळ चालेल ना?