लडलोला आल्यावर जेवायचं कुठे

आई: तिकिटं झाली गं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय, दहा दिवस आहोत तुझ्याकडे, इंग्लंडात लडलोला. आत्याही येतायत, शेवटी तयार झाल्या.

आत्या: येते खरी, पण माझ्या खाण्याचं काय ते आधी सांग. मांसमच्छी नाहीच, अंडंही नाही, केकमधलंसुद्धा नाही. तू सकाळी सातला गाडी पकडून हेरिफर्डला कामावर जाणार. परत येऊन माझ्यासाठी रांधत बसलीस तर मला घास उतरणार नाही.

काका: एवढा काय विचार? इंडियन रेस्टॉरंट असेलच एखादं. रोज तिथे जा.

मी: काका, आहे की. पण इकडची ही रेस्टॉरंट्स बहुतेक संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर उघडतात, दुपारी बंद. चालवणारी बरीच कुटुंबं मूळची बांगलादेशातल्या सिल्हेटची. जेवण त्यांनी इथल्या लोकांच्या जिभेला जुळवून घडवलेलं. बाल्टी नावाची करी तर बर्मिंगहॅमची. कांदाभजी मिळते, पण चांगली मुठीएवढी गोल. एका संध्याकाळी आपण जाऊच, मला आवडतं. पण रोज नको. हे गाव खाण्यासाठी नावाजलेलं आहे, आणि आत्याला इथलं काहीतरी चाखायला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

दादा: नावाजलेलं म्हणजे? दहा-अकरा हजार वस्तीचं गाव ना ते?

मी: हो, तेवढंच. तरी २००० च्या सुमाराला इथे मिशेलिन स्टार, म्हणजे उत्तम जेवणासाठीचा मोठा मान, असलेली एकाहून जास्त रेस्टॉरंट्स एकाच वेळी होती. शॉन हिल यांचं मर्चंट हाउस १९९४ ला सुरू झालं, क्लॉड बोसी यांचं हायबिस्कस २००० ला. मग मर्चंट हाउस २००५ मध्ये बंद झालं, हायबिस्कस २००७ मध्ये लंडनला गेलं. मिस्टर अंडरहिल्सही २०१५ मध्ये बंद झालं. म्हणजे ते सगळे गेले, पण खाटीक, पाववाले, चीजवाले राहिले. किल्ल्यासमोरच्या चौकातला बाजार राहिला. मला विचाराल तर गावाचं खरं खाणं तिथेच आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार असे बाजाराचे दिवस. शिवाय महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी आसपासच्या शेतकऱ्यांचा आणि घरगुती माल करणाऱ्यांचा वेगळा बाजार भरतो. मंगळवारी मात्र चौक रिकामा.

आई: आणि तो किल्ल्यातला खाण्याचा उत्सव?

मी: फूड फेस्टिव्हल. १९९५ पासून चालू आहे, सप्टेंबरातच असतो, किल्ल्याच्या आत. तिकीट काढावं लागतं. तुम्ही आलात की लगेच आहे, म्हणून त्या तीन दिवसांत बाहेर टेबल मिळेल ही आशाच सोडा. मी आधीच दोन ठिकाणी नाव नोंदवून ठेवलंय.

वहिनी: बाबा, आत्या, एक सांगू का? आम्ही गेल्या वर्षी गेलो तेव्हा सगळ्यात जास्त त्रास पदार्थांचा नाही, वेळेचा झाला. पुण्यात आपण तीनला जेवायला बसतो, कोणी काही म्हणत नाही. तिकडे तसं चालत नाही.

मी: वहिनी, बरं झालं आठवण केलीस. हे सगळ्यांनी नीट वाचा. इथल्या पबमध्ये दुपारचं स्वयंपाकघर बारा ते दोन, फार तर अडीचपर्यंत चालू. मग बंद, ते एकदम सहाला. पब उघडा असतो, माणसं बसलेली असतात, पण जेवण नाही. गेल्या वर्षी आम्ही डोंगरावरून फिरून पावणेतीनला एका पबमध्ये पोचलो. दादाची मुलगी भुकेने रडवेली झाली होती. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, किचन बंद. शेवटी वेफर्सची पाकिटं आणि लिंबू सरबतासारखं फसफसणारं काहीतरी, एवढ्यावर पोर सहा वाजेपर्यंत राहिली. मला अजून वाईट वाटतं त्याचं, कारण मला हे माहीत असायला हवं होतं. रात्रीही साडेआठ-नऊनंतर गरम जेवण मिळणं कठीण. कॅफे तर चार-साडेचारला खुर्च्या उचलायला लागतात. सोमवार-मंगळवारी बरीच ठिकाणं पूर्ण बंद. तेव्हा पर्यटनाचं वेळापत्रक जेवणाभोवती आखायचं, उलट नाही.

काका: म्हणजे बाराला पानं मांडायची. आमच्या आजोबांच्या वेळेला.

मी: अगदी तसंच काका.

आत्या: गुडघ्याचं बोल. चढ आहे म्हणे.

मी: आहे. गाव टेकडीवर आहे. माथ्यावर किल्ला आणि चौक, खाली टीम नदी. ब्रॉड स्ट्रीट इतका देखणा रस्ता आहे की माणूस बघत बघत उतरतो, तळाशी जुनी वेस लागते, आणि मग कळतं की आता परत चढायचंय. स्टेशनपासून चौकापर्यंतही चढच. त्यामुळे आत्या, तू माथ्यावर जेवायचं. चौक सपाट आहे, बाकं आहेत, आजूबाजूला दहा ठिकाणं. लडफर्डच्या पुलाजवळचा चार्ल्टन आर्म्स नदीवरच आहे, तिथे एक दिवस जाऊ. डिनहॅमच्या पुलापाशी बंधाऱ्याचं पाणी ऐकत चहा घेऊ. पण दोन्हीकडे टॅक्सीने, चालत नाही.

आत्या: मग ठीक. आता माझं पान मांड.

मी: मांडते. मेन्यूवर पदार्थापुढे व्ही लिहिलं की शाकाहारी. पण इथल्या शाकाहारात अंडं धरलेलं असतं, हे पक्कं लक्षात ठेव. एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. इथल्या कायद्याने १४ पदार्थ असे ठरवलेत की ते अन्नात असतील तर हॉटेलवाल्याला सांगावंच लागतं. त्यात अंडं आहे, दूध आहे, शेंगदाणे आहेत. ॲलर्जीवाल्यांसाठी केलेला नियम आहे, पण तुझं काम होतं. बसल्यावर ॲलर्जीचा तक्ता मागायचा, त्यात अंड्याचा रकाना बघायचा. कोणी तोंड वाकडं करत नाही. मात्र मांसाचा रस्सा त्या यादीत नाही! म्हणून सूप आणि ग्रेव्ही कशाच्या पाण्यात केली ते तोंडाने विचारायचंच.

दादा: चिप्सचं सांग. मी फसलो होतो.

मी: हो. बटाट्याच्या चिप्ससुद्धा काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात. ती जुनी पद्धत आहे. विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. दुसरं म्हणजे चीज. ते करताना दूध फाडायला रेनेट घालतात. पुष्कळ चीज आता शाकाहारी रेनेटचं असतं, पण सगळं नाही. पार्मेजान तर वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटचंच. बाजारातल्या चीजवाल्याला विचारलं की तो कापून चव द्यायच्या आधी सांगतो. तिसरं, वेल्श रेअरबिट नावाचा चीज-टोस्ट दिसेल. दिसतो शाकाहारी, पण त्यात वूस्टर सॉस घालतात आणि त्या सॉसमध्ये मासळी असते.

आई: अगं बाई. मग तिने खायचं तरी काय?

मी: खूप काही आहे, आई. प्लाउमन्स म्हणून एक ताट मिळतं. जाडा पाव, चीजचा मोठा तुकडा, आंबटगोड लोणचं, सफरचंद, कांदा. हॅम नको म्हणून सांगायचं. आपल्या भाकरी-कांदा-ठेच्याच्या जातीचं जेवण आहे ते, शेतावर न्यायचं. आत्याला आवडणार, पैज लाव. मग जॅकेट पोटॅटो. मोठा बटाटा सालीसकट भाजतात, साल कुरकुरीत, आत भुगा. मधोमध चिरून लोणी. वरून चीज किंवा टोमॅटोतले बीन्स. प्रत्येक साध्या कॅफेत मिळतो.

आत्या: नुसतं लोणी आणि मीठ घातलं तर उपासाला चालेल की! माझी संकष्टी येते त्या दिवसांत.

मी: आत्या, मला सुचलंच नव्हतं हे. चालेल, अगदी चालेल. दाण्याचं कूट तेवढं पुण्याहून आण. तूप, पेढे, बर्फी मात्र आणू नका, दुधाचे पदार्थ भारतातून आणायला इथे मनाई आहे.

बाबा: माझ्यासाठी काय?

मी: बाबा, वेल्सची हद्द इथून हाकेवर, मेंढ्या सगळीकडे. मटण उत्तम. डुकराचं तुम्ही खात नाही, म्हणजे इथली फिजेट पाय आणि सॉसेज दोन्ही बाद. रविवारी लॅम्ब रोस्ट घ्या. आणि एक ठिकाण तुम्हाला दाखवायचंच आहे. गावाबाहेर तीन-चार किलोमीटरवर ब्रॉमफिल्डला मोठं फार्म शॉप आहे, २००७ पासूनचं. चीज, पाव, जॅम तिथेच करतात, करताना बघता येतं. शेजारी जेवणाची जागा आहे, नाव क्लाइव्ह आर्म्स.

बाबा: क्लाइव्ह? रॉबर्ट क्लाइव्ह?

मी: तोच. मूळचा याच श्रॉपशर परगण्याचा. ब्रॉमफिल्डची ओकली पार्क इस्टेट त्याने घेतली. त्याचा मुलगा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा. पुढे तो अर्ल ऑफ पॉविस झाला आणि १८११ मध्ये त्याने लडलोचा किल्लाच विकत घेतला. किल्ला अजून पॉविस इस्टेटीकडे आहे.

बाबा: १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन या इंग्रज दर्यासारंगाचं आरमार विजयदुर्गावर आलं, तेव्हा त्यावरच्या फौजेचा मुख्य हाच क्लाइव्ह. तुळाजी आंग्र्यांची गलबतं जाळली. पलाशी त्यानंतर, १७५७. आपल्या पेशव्यांनीच इंग्रजांना बरोबर घेतलं होतं, ते दुखणं वेगळं. आपण देवगडकडचे. लहानपणी त्या तटावर खेळलोय मी.

काका: अण्णा, तिथे जेवू नका तुम्ही.

बाबा: जेवेन. त्याच्या मुलुखात माझी मुलगी राहते, स्वतःच्या पैशाने बापाला जेवायला घालते. मला ते बघायचंय.

आई: 🙏

मी: बाबा, खिडकीजवळचं टेबल मागते.

आत्या: गोडाचं राहिलं गं.

मी: तेच तर सांगायचं ठेवलं होतं. केक, स्कोन यांत बहुधा अंडं निघतं. शॉर्टब्रेडमध्ये नसतं, नुसतं लोणी, साखर, मैदा, आपल्या नानकटाईची बहीण. आणि सप्टेंबरात सफरचंदं आलेली असतात, म्हणजे ॲपल क्रंबल. शिजवलेलं सफरचंद, वर मैदा-लोणी-साखरेचा भुगा. तेही बिनअंड्याचं. सोबत कस्टर्ड देतात. आता कस्टर्ड म्हणजे मूळचं अंड्याचं. पण इथून जवळ, बर्मिंगहॅमला, १८३७ मध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड बनवलं, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. आपण लहानपणी तुझ्याकडे फ्रूट कस्टर्ड खायचो ना, ती पावडर त्याच वाटेने आपल्याकडे आली.

आत्या: बायकोसाठी केलं?

मी: हो. भारी हॉटेलात ताजं अंड्याचं करतात, साध्या पबमध्ये बहुधा पावडरचं. तेव्हा इथेही अंड्याचा रकाना बघायचा.

वहिनी: रविवारचं टेबल कधीचं घेतलंस?

मी: साडेबाराचं. रविवारी रोस्ट संपलं की संपलं, उशिरा गेलं तर बटाटेच उरतात. आत्यासाठी नट रोस्ट, म्हणजे सुकामेव्याचं भाजलेलं. त्यात अंडं घालतात का ते फोन करून विचारलं, तिथे नाही घालत. ग्रेव्ही वेगळी, भाज्यांची. यॉर्कशर पुडिंग तिच्या ताटात येणार नाही, ते अंड्याचं. पाणी साधं नळाचं मागायचं, दारू विकायचा परवाना असलेल्या जागी ते फुकट द्यावंच लागतं.

आई: आणि टिप?

मी: बिलात सर्व्हिस चार्ज धरलेला असेल तर वेगळी नको. नसेल तर दहा टक्के. काउंटरवर जाऊन मागवायचं असेल तिथे नाही दिली तरी चालते.

आत्या: साडेबारा म्हणजे टॅक्सी बाराला सांग. आणि बाजार कुठल्या वारी म्हणालीस?

मी: सोम, बुध, शुक्र, शनि. तुम्ही शुक्रवारी पोचताय. सामान ठेवून सरळ चौकात जाऊ, पाव आणि चीज घेऊ, किल्ल्यासमोरच्या बाकावर बसून खाऊ.

आत्या: चटणी मी आणते.