फंक्शन आणि संबंध यांतला फरक मुलांच्या डोक्यात कसा उतरवायचा? (मदत हवी आहे)

त्रिज्या
परवा पुन्हा तोच तास घ्यायचा आहे, म्हणून घाईत लिहितेय. संबंध (दोन संचांतल्या घटकांच्या कोणत्याही जोड्या) शिकवून झाले, फंक्शन (खास अटीचा संबंध) शिकवून झालं. "पहिल्या संचातल्या प्रत्येक घटकाशी दुसऱ्या संचातला एक आणि एकच घटक जोडलेला असतो" ही व्याख्या झोपेतून उठवलं तरी म्हणतील. पण फळ्यावर उदाहरण दिलं की निम्मा वर्ग उलटं उत्तर देतो. बाण काढून झाले, क्रमित जोड्या लिहून झाल्या, व्याख्या पुन्हा पुन्हा म्हणून घेतली. फरक शून्य. तुम्ही या विषयाची सुरुवात कशाने करता? "नेटवर शोधा" सांगू नका, तिथे सगळीकडे हीच व्याख्या आहे.

खडूफळा
मुलं किती मोठी आहेत? आणि "उलटं" म्हणजे नक्की काय उलटं? एखादं खरं उदाहरण आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहा.

सुमेध_क
ताई, संच आणि बाण बाजूला ठेवा. यंत्र काढा. एका बाजूने आकडा आत जातो, दुसऱ्या बाजूने आकडा बाहेर येतो. मुलांनी आकडे सांगायचे, आपण फक्त उत्तरं लिहायची. २ ला ५, ३ ला ७, १० ला २१. नियम ओळखा. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला कुणीतरी "दुप्पट अधिक एक" म्हणून ओरडतंच. तोच आकडा परत टाकला तर उत्तर बदलेल का, असं विचारा. नाही! झालं फंक्शन. मी वर्षानुवर्षं असंच शिकवतो, कधी अडलं नाही.

आडवा_अक्ष
सुमेध, तीव्र असहमत. या खेळाने मुलांच्या मनात पक्कं बसतं की फंक्शन म्हणजे सूत्र. पुढे ते काढता काढता नाकी नऊ येतात. साक्षात ऑयलर या गणितज्ञाने १७४८ मध्ये फंक्शन म्हणजे चल आणि स्थिर राशींपासून बनलेली पदावली अशीच व्याख्या केली होती, आणि १७५५ मध्ये स्वतःच ती सैल करून "एक राशी बदलली की दुसरी बदलते" इथवर आला. डिरिक्ले या गणितज्ञाने १८२९ मध्ये जे फंक्शन दिलं (परिमेय संख्येला एक किंमत, अपरिमेयला दुसरी), त्याचा आलेख काढून दाखवा बरं तुमच्या यंत्राने.

सुमेध_क
प्रश्न पहिल्या तासाचा आहे. पहिल्या तासाला डिरिक्ले कोण आणतं? आधी सूत्रवाली फंक्शन्स हाताखालून जाऊ देत, मग अपवाद. गणितात हे सगळं ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने मुलांना शिकवलं तर बिघडलं कुठे?

आडवा_अक्ष
डिरिक्ले नको तर साधा तक्ता द्या. १ ला ७, २ ला ७, ३ ला ४. नियम काही नाही, मी मनाला येईल तसे आकडे लिहिले. हे फंक्शन आहे की नाही? तुमच्या पद्धतीने शिकलेली मुलं "सूत्र सापडत नाही, म्हणून नाही" असंच म्हणतील, पैजेवर सांगतो.

मनीषा_पी
संबंध शिकवताना मुलांना सगळ्यात अवघड जातं ते ट्रान्झिटिव्ह (अ चा ब शी आणि ब चा क शी संबंध असला की अ चा क शी असायलाच हवा). त्यासाठी माझी युक्ती देते. रिफ्लेक्सिव (प्रत्येकाचा स्वतःशी संबंध), सिमेट्रिक (अ चा ब शी तर ब चा अ शीही), ट्रान्झिटिव्ह हे तीन गुण वेगवेगळे तपासत बसू नका. संचाचे गट पाडायला सांगा. तीन घटकांच्या संचाचे गट ५ प्रकारे पडतात, चार घटकांच्या संचाचे १५ प्रकारे. जितक्या प्रकारे गट पडतात तितकेच सममूल्य संबंध, म्हणजे हे तिन्ही गुण असलेले संबंध. मुलांनी हाताने १५ काढले की एकदम उजेड पडतो.

त्रिज्या
मनीषाताई, छान आहे, लिहून ठेवते. पण सममूल्य संबंधांपर्यंत आम्ही पोचलेलोच नाही. मी फंक्शनपाशीच अडकले आहे. बाकीच्यांनी भांडण थांबवलंत तर बरं होईल, हातात एकच दिवस आहे.

खडूफळा
माझे दोन्ही प्रश्न तसेच राहिले.

त्रिज्या
मुलं १५-१६ वर्षांची. उलटं म्हणजे असं: १ पासून अ ला बाण, २ पासूनही अ ला, ३ पासून ब ला. मुलं म्हणतात, "फंक्शन नाही, कारण अ ला दोन बाण आलेत." आणि १ पासून अ आणि ब दोघांनाही बाण, २ पासून अ ला, ३ पासून ब ला असं दिलं तर म्हणतात, "फंक्शन आहे, प्रत्येकाला बाण आहे." व्याख्या तर पाठ आहे! मग असं का?

खडूफळा
आता कळलं. पहिल्या तासाला फळ्यावर कोणती उदाहरणं होती?

त्रिज्या
नेहमीचीच. देश आणि त्याची राजधानी, संख्या आणि तिची दुप्पट, अक्षर आणि वर्णमालेतला त्याचा क्रमांक.

आडवा_अक्ष
देश-राजधानी हे फंक्शनच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या राजधान्या तीन: प्रिटोरिया, केपटाउन, ब्लूमफाँटेन. बोलिव्हियाचाही सुक्रे आणि ला पाझ असा मामला आहे.

सुमेध_क
अवांतर: बोलिव्हियाची घटनेप्रमाणे राजधानी सुक्रेच. सरकार ला पाझला बसतं, एवढंच.

खडूफळा
ती दक्षिण आफ्रिका वगळू नका, फंक्शन मोडतं कसं ते दाखवायला उपयोगी पडेल. पण ताई, तिन्ही उदाहरणं एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. असे अपवाद सोडले तर तिन्ही एकास-एक आहेत. डावीकडून बघा, प्रत्येकातून एक बाण निघतो. उजवीकडून बघा, प्रत्येकाला एकच बाण येतो. मग "एक आणि एकच" ही अट डाव्या संचावर आहे की उजव्या, हे मुलाने ओळखायचं कशावरून? व्याख्येत ते लिहिलंय, पण समोरच्या चित्रांत दोन्ही बाजूंना खरंच आहे. मुलाने चित्र लक्षात ठेवलं आणि व्याख्या पाठ केली. दोघांची गाठ पडलीच नाही.

म्हणून पहिलंच उदाहरण अनेकास-एक हवं. वर्गातली मुलं डावीकडे, बारा महिने उजवीकडे, प्रत्येकाकडून त्याच्या जन्ममहिन्याला बाण. वर्गात बारापेक्षा जास्त मुलं असली की एखाद्या महिन्याला दोन बाण येणारच, टळत नाही. आता विचारा, यात कुठे गोंधळ होतो का? कुणाचंही नाव घ्या, महिना ठामपणे सांगता येतो. मग तेच बाण उलटे करा. मार्च म्हटलं की कोण? दोघं-तिघं हात वर करतात. उत्तर ठाम राहिलं नाही. सुलट दिशा फंक्शन, उलट दिशा नुसता संबंध. एकच चित्र, दोन दिशा, फरक डोळ्यांसमोर.

यानंतर तपासायला दोनच प्रश्न द्या. डावीकडचं कुणी बाणाशिवाय राहिलं का? डावीकडच्या कुणाकडून दोन बाण निघाले का? दोन्हींचं उत्तर "नाही" आलं तर फंक्शन. उजवीकडे बघायचंच नाही.

उभी_रेषा
एवढा खटाटोप कशाला? आलेख काढा, उभी रेषा फिरवा, दोनदा छेदली तर फंक्शन नाही. वर्तुळ घ्या, केंद्र आरंभबिंदूवर, त्रिज्या ५. (३, ४) आणि (३, -४) एकाच उभ्या रेषेवर. संपलं.

खडूफळा
कसोटी चांगलीच आहे, पण ती निष्कर्ष आहे. उभी रेषा म्हणजे एक्सची एकच किंमत, दोन छेद म्हणजे त्या एका किमतीला दोन उत्तरं, हे ज्याला दिसतं त्याच्यासाठी ठीक. बाकीचे रेषा उभी की आडवी हे पाठ करतात आणि ऐन परीक्षेत आडवी फिरवतात. शिवाय एक्स = वायचा वर्ग हा आलेख या कसोटीत नापास होतो, पण वायकडून एक्सकडे बघितलं तर ते उत्तम फंक्शन आहे. दिशा आधी कळली पाहिजे.

आडवा_अक्ष
खडूफळा यांना अनुमोदन. यात भर म्हणून वर्गात मोजायला द्या. डावीकडे तीन घटक, उजवीकडे दोन. शक्य असलेल्या जोड्या सहा, प्रत्येक जोडी घ्यायची किंवा सोडायची, म्हणजे संबंध ६४. त्यांतली फंक्शन्स किती? प्रत्येक डाव्या घटकापुढे दोन पर्याय, म्हणजे २ × २ × २ = ८. आठही काढायला लावा. त्यांत दोन अशी निघतील की तिन्ही बाण एकाच घटकाला जातात. ती दोन बघून "हे कसं फंक्शन?" असा आरडाओरडा होतो, आणि तिथेच खरं शिकणं होतं. आठांत एकास-एक एकही नाही, कारण तीन बाणांना दोनच जागा.

सुमेध_क
हे चांगलं आहे. आठांत एकालाही सूत्र लागत नाही हेही मान्य. यंत्राचा खेळ मी दुसऱ्या तासाला घेईन, सोडणार मात्र नाही. "एफ ऑफ एक्स" (एक्स आत टाकल्यावर बाहेर येणारं उत्तर) ही खूण त्या खेळातून जशी रुजते तशी बाणांतून रुजत नाही.

त्रिज्या
तो पुढचा त्रास आहेच. एफ ऑफ (२ + ३) म्हणजे एफ ऑफ २ अधिक एफ ऑफ ३, असं सर्रास लिहितात. एफ ही संख्या समजून कंस सोडवतात.

खडूफळा
वर्ग करणारं फंक्शन द्या. एका बाजूला ५ चा वर्ग २५, दुसऱ्या बाजूला ४ + ९ = १३. "तिप्पट" देऊ नका, त्यात दोन्ही बाजू १५ येतात आणि चूक झाकली जाते. राजधान्यांसारखंच आहे हे. ज्या उदाहरणात चुकीचा विचारही बरोबर उत्तर देतो ते उदाहरण सुरुवातीला नको.

त्रिज्या
ठरलं. परवा जन्ममहिने, मग बाण उलटे, मग ती आठ फंक्शन्स. व्याख्या शेवटी, आणि ती मुलांकडूनच काढून घेणार. एकच शंका: एखाद्या महिन्यात कुणाचाच जन्म नसला तर? "हा महिना रिकामा आहे, मग फंक्शन कसं?" असं कुणीतरी विचारणारच.

खडूफळा
विचारू द्या, तेच हवंय. तो महिना पुसू नका. बाराही महिने मिळून कोडोमेन, ज्यांना निदान एक बाण आला ते मिळून रेंज. उजवीकडे रिकामं राहिलेलं चालतं, डावीकडे नाही. वर्गात एखाद्याने आपला महिना सांगितलाच नाही, तर मात्र फंक्शन मोडलं.