नायट्राइलचे हातमोजे घालूनही मनगटावर पुरळ

प्रश्न (मकरपुरा, वडोदरा): लॅटेक्स (नैसर्गिक रबर) बंद करून नायट्राइल (कृत्रिम रबर) हातमोजे दिले, तरी पॅकिंगवाल्यांच्या मनगटावर, मोज्याच्या काठाशी दुसऱ्या दिवशी खाजरं बारीक पुरळ उठतंच. असं का?

उत्तर १: लॅटेक्सच्या प्रथिनाची ॲलर्जी मिनिटांत गांध्या उठवते. दुसऱ्या दिवशी उठतंय म्हणजे संशय थायुराम, कार्बामेट या रबर पक्कं करणाऱ्या रसायनांवर. ती नायट्राइलमध्येही असतात! ‘ॲक्सिलरेटर-फ्री’ (म्हणजे ही रसायनं नसलेले) छापलेलेच मागवा.

उत्तर २: विनाइलही (प्लास्टिकचे मोजे) चालेल, पण सॉल्व्हंटच्या (थिनरसारख्या द्रावकाच्या) कामाला मुळीच नको, झिरपतं. आत सुती मोजे द्या, घामाने ओले झाले की लगेच बदला. ओल्या, साबण राहिलेल्या हातावर मोजे चढवले तरी कातडी सोलवटते. तो प्रकार ॲलर्जीचा नाही.

उत्तर ३: त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट (संशयित रसायनं त्वचेवर लावून ॲलर्जी तपासणं) करून घ्या. पाठीवर पट्ट्या ४८ तास, शेवटच्या तपासणीपर्यंत पाठ भिजवायची नाही. पट्ट्या लावल्यापासून ९६ तासांनी पुन्हा दाखवा. वापरातला मोजा सोबत न्याच.